माजघरावरची तुळई वाकली आहे, आधार कसा द्यावा?

कातळसडा

राजापूर तालुक्यात आमचं जुनं घर आहे, पणजोबांनी बांधलेलं. मातीत रचलेल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर मंगलोरी कौलं, माजघरावर लाकडी माळा. माळ्याच्या कड्या (फळ्यांखालची आडवी लाकडं) ज्या मुख्य तुळईवर टेकल्यात ती मधोमध खाली आली आहे. गणपतीला सगळे जमलो तेव्हा माळ्यावर चालताना फळ्या दबत होत्या, म्हणून तुळईच्या दोन्ही टोकांना खिळे मारून खालच्या कडेने दोरा ताणून पाहिला. मध्यावर तुळई दोऱ्याच्या दोन इंच खाली आहे.

तुळई ऐनाच्या लाकडाची, ८ इंच उंच आणि ६ इंच रुंद. भिंतीपासून भिंतीपर्यंत १४ फूट. मध्ये कुठेही खांब नाही.

गावातले सुतार म्हणतात, मधोमध खांब उभा करा, मोकळे व्हा. गवंडी म्हणतात, माळा उतरवून स्लॅब टाका. आईला माजघराच्या मध्यावर खांब नको, कारण घरातली सगळी कार्यं तिथेच होतात. मला स्लॅब नको. हे घर आहे तसं उभं राहावं एवढीच इच्छा आहे. तुळई वाचवता येईल का? आणि उचलायची झाली तर कशी?

ओटीवरचा

खांबाला पर्याय नाही दादा. आमच्याकडे पडवीची तुळई अशीच आली होती. फणसाचा खांब आणला, खाली चिरा ठेवला, वरून पाचर ठोकली. एका दिवसात काम झालं. उगाच इंजिनियर वगैरे करत बसलात तर पुढचा पावसाळा येईल.

निवृत्त अभियंता

@कातळसडा, घाई करू नका. आधी चार गोष्टी बघून सांगा.

तुळईची भिंतीत गेलेली टोकं कशी आहेत? टोच्या किंवा पेचकस घेऊन भिंतीलगत टोचून बघा, हातोडीने ठोकून आवाज ऐका. माळ्यावर सध्या काय काय ठेवलं आहे? आढ्याला धिरा देणारा एखादा खांब माळ्यावरून उठून या तुळईवर उभा आहे का? आणि तुळईच्या खालच्या कडेला मध्यावर आडवी चीर किंवा तुटलेले रेषे दिसतात का?

@ओटीवरचा, पडवीच्या तुळईवर फक्त छपराचा एक पदर असतो. माजघरावरच्या माळ्याचं ओझं वेगळं. तोच उपाय इथे चालेलच असं नाही.

कातळसडा

काका, आज सकाळी सगळं बघितलं.

पूर्वेचं टोक ठणठणीत आहे, पेचकस आत जात नाही. पश्चिमेचं खराब आहे. भिंतीच्या तोंडाशी थोडा गिलावा काढला तर आतलं लाकूड तपकिरी झालेलं, आडव्या-उभ्या भेगांनी लहान लहान चौकोनांत फुटलेलं. बोटांनी दाबलं की भुगा होतो. पेचकस दीड-दोन इंच सहज आत गेला. त्याच्या बरोबर वर भिंतीवर पाण्याचा ओघळ आहे, छपराच्या दोन पाख्या मिळतात तिथली पन्हळ सडली आहे. वाळवीची मातीची नळी मात्र दिसली नाही.

माळ्यावर जुनी भांडी, लाकडं, भाताची काही पोती आणि ५०० लिटरची पाण्याची टाकी आहे. टाकी जवळजवळ मध्यावर. आढ्याचा खांब तुळईवर नाही, तो आडव्या भिंतीवर आहे. खालच्या कडेला चीर नाही. बाजूने लांबीच्या दिशेने दोन भेगा आहेत, त्या जुन्या वाटतात, आत कोळिष्टकं आहेत.

निवृत्त अभियंता

आढ्याचा खांब भिंतीवर आहे हे वाचून जिवात जीव आला. छपराचं ओझं तुळईवर नाही, ही मोठी गोष्ट. बाजूच्या लांबीतल्या भेगा लाकूड वाळताना पडतात. त्या टोकापर्यंत आरपार गेल्या नसतील तर त्यांची चिंता नको.

आता टाकी. भरली की अर्धा टन, तोही मध्यावर. आजच रिकामी करा आणि खाली आणा. पोती आणि लाकडंही उतरवा. दुरुस्तीतलं पहिलं आणि फुकटातलं काम हेच.

पुढचं थोडं गणित आहे, पण वाचा. त्याशिवाय कुठला उपाय का, हे कळणार नाही. तुळईच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांचं निम्मं निम्मं अंतर धरून साधारण ९ फुटांचा पट्टा तिच्यावर येतो असं मानू. म्हणजे १२६ चौरस फूट, सुमारे पावणेबारा चौरस मीटर. राहत्या घराच्या जमिनीसाठी भारतीय मानक ८७५ (इमारतीवर किती ओझं धरायचं ते सांगणारं) मध्ये चौरस मीटरला २०० किलो वापराचं ओझं धरतात. कड्या-फळ्यांचं स्वतःचं ५० किलो धरा. एकूण जवळजवळ तीन टन. एवढं पूर्ण ओझं आलं तर तुमच्या मापाची निरोगी तुळईसुद्धा मध्यावर एक इंचाच्या आसपास वाकेल. ओझं वर्षानुवर्षं बसून राहिलं की लाकूड हळूहळू आणखी वाकतं, वाक दुपटीकडे जातो आणि तो कायमचा होतो. तेव्हा हे दोन इंच म्हणजे तुळई मोडायला आली असा अर्थ नाही. ती तिच्या अंतराच्या मानाने पहिल्यापासूनच बारीक होती. लाकडी बांधकामाच्या मानक ८८३ प्रमाणे साध्या तुळईला अंतराच्या १/२४० इतका वाक चालतो, १४ फुटांना पाऊण इंचाहूनही कमी.

मला भीती मधल्या वाकाची नाही, पश्चिमेच्या टोकाची आहे. दीड टनाच्या आसपास ओझं त्या टोकावरून भिंतीत उतरतं, आणि तिथेच लाकडाचा भुगा झाला आहे. वाकलेली तुळई आधी करकरते, सूचना देते. टोक सुटलं तर सूचना मिळेलच असं नाही. तेव्हा आज-उद्या पश्चिमेच्या भिंतीपासून फूटभर अंतरावर तुळईखाली दोन लोखंडी प्रॉप (स्क्रूने उंची कमी-जास्त होणारे टेकू) लावून घ्या, खाली जाड फळ्यांची बैठक देऊन. तोवर माळ्यावर कोणी जाऊ नये आणि त्या तुळईखाली कोणी झोपू नये. हे मी कळकळीने सांगतो आहे.

ओटीवरचा

पटलं काका. पण मग मधल्या खांबात वाईट काय? अंतर निम्मं होईल, वाकण्याचा प्रश्नच संपेल ना?

निवृत्त अभियंता

वाकाचा प्रश्न संपेल, खरं आहे. सारखं पसरलेलं ओझं असताना अंतर निम्मं केलं की वाक सोळापट कमी होतो. पण मधला खांब पश्चिमेचं कुजलेलं टोक बरं करत नाही, तो आजार तसाच राहतो.

दुसरं, असा मधला खांब एकूण ओझ्याच्या ५/८ भाग स्वतःवर घेतो. इथे पावणेदोन टनांहून जास्त. ते चार इंची खांबातून थेट फरशीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर दिलंत तर खालची भरावाची माती खचणार. मग पाचर सैल होते, लोक पुन्हा ठोकतात, ती पुन्हा सैल होते. आमच्या कोकणात अशा लोंबकळणाऱ्या खांबांची घरं गावोगाव आहेत. खांब म्हटला की त्याखाली जमीन खोदून पक्क्या मुरमापर्यंत किंवा कातळापर्यंत जायचं आणि दोन फूट बाय दोन फूट पाया घालायचा, हे आलंच.

लाकूडकाम

मी वाई-पुण्याकडे जुन्या वाड्यांची लाकडी दुरुस्ती करतो. काकांचं सगळं बरोबर आहे, त्यात माझी भर.

मध्ये खांब नको असेल तर दोन्ही भिंतींना चिकटून एकेक खांब उभा करा. जुन्या वाड्यात भिंतीतसुद्धा लाकडी खांब गाडलेले असायचे, ओझं खांबावर आणि भिंत नुसती आडोशाला. तुळई खांबाच्या डोक्यावर हस्तावर, म्हणजे आडव्या लाकडी तुकड्यावर, बसते. असं केलं की कुजकं टोक भिंतीत असलं काय नि नसलं काय, ओझं त्याच्या आधीच खाली उतरतं. माजघर मोकळंच राहतं.

मग राहिला मधला वाक. त्याला तुळईच्या दोन्ही अंगांना लोखंडी चॅनेल (इंग्रजी C आकाराचे लांब तुकडे), १५० मिमी उंचीचे, आरपार बोल्टने आवळायचे. चॅनेलची टोकं त्याच दोन खांबांवर टेकवायची, भिंतीत घालायची नाहीत. पोलाद लाकडाच्या पंधरा-वीस पट ताठ असतं. दोन चॅनेलचं वजन दीडशे किलोच्या आत-बाहेर, चार माणसांचं काम. बोल्टची भोकं तुळईच्या उंचीच्या मधल्या पट्ट्यात पाडा. खालच्या कडेला, त्यातही मध्यावर, भोक पाडू नका. सगळा ताण तिथे असतो. समुद्र जवळ असेल तर चॅनेलला जस्ताचा प्रायमर आणि दोन हात रंग लावूनच वर चढवा, नंतर आतली बाजू हाताला लागत नाही. बाहेरून पातळ फळी मारली की लोखंड दिसत नाही.

एक अडचण आधीच सांगतो. चॅनेल सरळ, तुळई वाकलेली. आठ इंच उंचीत सहा इंची चॅनेल बसवायला दोनच इंचांची सवड आहे आणि तुमचा वाकही दोनच इंच. म्हणून थोडं उचलणं भाग आहे. इंचभर वर आली तरी पुष्कळ.

निवृत्त अभियंता

उत्तम. हिशेब केला. हे दोन चॅनेल मिळून तुमच्या तुळईच्या अडीच पट ताठ आहेत, तुळई धरून साडेतीन पट. पूर्ण ओझ्याला वाक पाव इंचाच्या जरा वर राहील. माझी पूर्ण संमती. तरी रत्नागिरी-राजापूरकडच्या एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनियरला प्रत्यक्ष दाखवाच. मी इथून पाया बघू शकत नाही.

भिंतीलगत पाया खोदताना जपून. मातीतल्या भिंतीच्या पायापेक्षा खोल जाऊ नका, आणि दोन्ही बाजू एकदम खोदू नका. एक भरून पक्का झाला की दुसरा.

कातळसडा

टाकी आणि सामान उतरवलं. प्रॉप लागले. आईला भिंतीलगतच्या खांबांची कल्पना फार आवडली.

उचलायचं कसं ते जरा सविस्तर सांगाल का? गावात ट्रकचा बाटली जॅक मिळतो.

लाकूडकाम

जॅक चालेल, पण जॅकवर ओझं ठेवून घरी जायचं नाही. तेलाचा जॅक रात्रीत हळूच बसतो. उचलण्याचं काम जॅकचं आणि धरून ठेवण्याचं काम प्रॉपचं. जॅकने वर घेतलं की लगेच शेजारचे प्रॉप फिरवून टाइट करायचे आणि मग जॅक सोडायचा.

जॅक थेट तुळईला लावू नका, लाकडात रुतेल. मध्ये जाड लोखंडी पट्टी आणि सागाचा ठोकळा. जॅकच्या खाली निदान दोन थर जाड फळ्या, एक उभा, एक आडवा. सगळं ओळंब्यात हवं. जॅक तिरपा असेल तर ओझं आल्यावर निसटतो, आणि समोर उभ्या माणसाला वाचायला वेळ मिळत नाही. जॅक दाबणाऱ्याने बाजूला उभं राहावं.

आता वेग. दिवसाला एक-दोन मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. दोन दाबांमध्ये थांबा. लाकूड कुरकुरलं तर हरकत नाही, पण ताडकन आवाज आला तर तिथेच थांबून सगळं बघा. रोज सकाळी दोऱ्याचं माप भिंतीवर लिहा. माजघराचे दरवाजे लागतात का बघा, वरच्या भिंतीला नवी चीर पडली का बघा, माळ्यावरच्या कड्या तुळईवरून सुटल्या नाहीत ना ते बघा. दरवाजा अडायला लागला तर एक पाऊल मागे या. विजेच्या वायरी तुळईवरून गेल्या असतील तर आधी सोडवून ठेवा.

पूर्ण सरळ करायचा हट्ट नको. पन्नास-साठ वर्षांत घराने स्वतःला त्या वाकात बसवून घेतलेलं असतं. कड्या, फळ्या, चौकटी सगळं त्याप्रमाणे सरकलेलं असतं. तुळई सरळ झाली की ते सगळं उलट दिशेने मोडतं. इंच-सव्वा इंचावर समाधान माना.

फोंड्याहून

आमच्या गोव्यात ऐनाला माटी म्हणतात, राज्याचा वृक्षच तो. पण खांबासाठी नवीन माटी घेतलात तर वाळलेलीच घ्या. फार जड लाकूड, ओलं असताना काम करणं अवघड आणि वाळताना तडे जातात. जुन्या पाडलेल्या घराचं सागवान किंवा किंजळ मिळाली तर सोनं समजा.

लाकूडकाम

बरोबर. एवढंच जोडतो की लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसतं. त्यामुळे उभा खांब थोडा ओला असला तरी उंचीला फारसा फरक पडत नाही. पण वर आडवा ठेवलेला हस्त ओला असेल तर वाळल्यावर बसतो आणि तुळई तेवढीच खाली येते. म्हणून हस्त मात्र कडकडीत वाळलेला हवा.

तिसरा मजला

थोडं अवांतर. आमच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या बीमखाली लांब चीर आहे आणि प्लास्टर सुटून गज दिसतात. हाच प्रॉपचा उपाय करता येईल का?

निवृत्त अभियंता

प्रॉप तातडीने लावणं ठीक, पण जॅकने उचलायचं नाही. काँक्रीटची बीम लाकडासारखी वाकत-उचलत नाही, ती तडकते. तुमच्याकडे गज गंजले आहेत. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्या दाबाने काँक्रीट फुटतं. वरून प्लास्टर मारलं की आत गंजणं चालूच राहतं. सोसायटीला लेखी कळवा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण ५ वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं ३ वर्षांतून एकदा व्हायला हवं. प्रॉप एकाच मजल्यावर लावला तर ओझं खालच्यांच्या स्लॅबवर जातं, हेही लक्षात ठेवा. खालच्या मजल्यांवरही त्याच रेषेत प्रॉप लागतील. कृपया यावर वेगळा धागा काढा, सविस्तर बोलू.

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत जुन्या घरांच्या तळघरात हाच प्रकार सर्रास असतो. काँक्रीट भरलेला पोलादी नळ कायमचा खांब म्हणून उभा करतात, आणि स्क्रूने कमी-जास्त होणारे पातळ प्रॉप तात्पुरते मानतात. घर विकताना तपासणीस येतो तो नेमकं हेच बघतो, खांबाखाली पाया आहे की नुसती फरशी.

कातळसडा

काम झालं, म्हणून सगळ्यांसाठी लिहितो.

इंजिनियर येऊन गेले. त्यांनी हाच आराखडा मान्य केला, फक्त खांबाच्या पायाखाली सळयांची एक जाळी वाढवली. पश्चिमेकडे अडीच फुटांवर कातळ लागला, पूर्वेकडे कडक मुरूम. खांब जुन्या सागाचे मिळाले, खाली घडीव दगडाचे तळखडे, दगड आणि लाकूड यांच्यामध्ये शिशाचा पत्रा. जॅकचं काम मी स्वतः समोर बसून करून घेतलं. सव्वा इंचाच्या जवळ आलो तेव्हा देवघराचा दरवाजा वरच्या कोपऱ्यात घासायला लागला, तिथून थोडं खाली उतरवून थांबलो. आता वाक एक इंचाहून थोडा कमी आहे. चॅनेल बसले, बोल्ट आवळले. प्रॉप एकदम न काढता रोज थोडे सैल केले. दोऱ्याच्या मापात शेवटी दोन मिलिमीटरचा फरक पडला, तिथे स्थिरावलं.

पन्हळ नवीन केली. टाकी आता घरामागे चौथऱ्यावर आहे. गावातले सुतार आता म्हणतात, शेजारच्या दोन घरांत असंच करू.

एक प्रश्न उरला आहे. पश्चिमेच्या टोकाचं कुजलेलं लाकूड कापून काढलं, आता भिंतीत पोकळी आहे. गवंडी म्हणतात, सिमेंटने गच्च भरून टाकू. आणि पूर्वेच्या चांगल्या टोकाला डांबर फासावं का?

लाकूडकाम

मनापासून आनंद झाला.

पोकळी चिऱ्याच्या तुकड्यांनी आणि चुन्याच्या मालात बंद करा, सिमेंट नको. मातीच्या भिंतीत ओल येते-जाते, सिमेंटच्या डब्यात अडकली की जवळचं लाकूड कुजतं. तुळईचं कापलेलं तोंड आणि नवी भिंत यांत बोटभर जागा मोकळी सोडा.

पूर्वेच्या टोकाला डांबर नको. तोंडाला डांबर फासलं की आतली ओल बाहेर पडत नाही. टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक ॲसिड गरम पाण्यात विरघळवून ब्रशने दोन-तीन वेळा मुरवा, आणि टोकाच्या दोन्ही बाजूंना भिंतीत थोडी फट राहू द्या, म्हणजे हवा खेळेल.

निवृत्त अभियंता

सहमत. बोल्ट एका पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा पान्याने आवळून घ्या, लाकूड थोडं बसलेलं असेल. आणि दोऱ्याचे खिळे काढू नका. दर दिवाळीला दोरा ताणून माप भिंतीवर तारखेसह लिहून ठेवा.